चिंचेत अडकलेले हात

एर्लिंदाच्या हातच्या चिंचेच्या गोळ्या खाल्ल्या नाहीत असं माणूस आमच्या गावात सापडायचं नाही, आणि तिची बोलणी खाल्ली नाहीत असंही नाही. गोळी आंबट, गोड, खारट, तिखट, सगळं एकदम. बोलणं मात्र निव्वळ तिखट. तिचा नवरा कास्तुलो लिंबांच्या बागेत मुकादम आहे. तो म्हणतो, "देवानं हिच्या हाताला चव दिली, आणि उरलेली मिरची जिभेवर सांडली." यावर ती अशी काही बघते की बिचारा टोपी उचलून बागेकडे चालू लागतो. तशी बाई सुखी. दारात चिंचेचं झाड, शाळेच्या फाटकाशी ठरलेली जागा, दुपार व्हायच्या आत टोपली रिकामी. पोटचं मूल नव्हतं, पण त्याचं रडगाणं तिनं कधी गायलं नाही, कारण ओब्दुलियाची नायेली होती ना!

ओब्दुलिया ही शेजारीण आणि लहानपणची मैत्रीण. नायेलीच्या बाप्तिस्म्याला एर्लिंदानं तिला हातांवर धरलं, ती तिची धर्माची आई झाली, आणि त्या दिवसापासून या दोघी एकमेकींच्या कोमाद्रे, म्हणजे एका लेकीच्या दोन आया, झाल्या. कालपर्यंत "ए बावळट" म्हणणाऱ्या बायका एकमेकींना "अहो कोमाद्रे" म्हणायला लागल्या. सख्ख्या बहिणीशी भांडलं तर चालतं, कोमाद्रेशी भांडणं म्हणजे पाप, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल.

आणि एर्लिंदानं नेमकं तेच केलं.

झालं असं की यंदा ओब्दुलियाला हौस आली स्वतः गोळ्या करायची. बाजारातून चिंचोके काढलेल्या गराची लादी आणली, साखर कालवली, आणि भर दुपारी मक्याच्या रोट्यांच्या दुकानात घेऊन आली. त्या वेळी तिथे अख्खं गाव रांगेत असतं. एर्लिंदानं एक गोळी तोंडात टाकली, चघळली, आभाळाकडे पाहिलं.

"छान आहे हो कोमाद्रे," ती म्हणाली. "तांब्याची कढई घासायला."

रांग खो खो हसली. ओब्दुलियानं टोपलीवर फडकं ओढलं आणि रोट्या न घेताच घरी गेली. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं बंद.

एरवी हे निवळलं असतं, पण येत्या शनिवारी नायेलीचं लग्न होतं. आमच्याकडे लग्नात गोडाचं टेबल मांडायचा मान धर्माच्या आईचा. गावभर आमंत्रणं फिरली, एर्लिंदाच्या दाराकडे मात्र कुणी फिरकलं नाही.

"जा आणि माफी माग," कास्तुलो म्हणाला.

"का म्हणून? खरं तेच बोलले मी."

"खरं बोलायला पाद्रीबाबा आहेत की. त्यांच्या पोटावर पाय कशाला?"

एरवी तिनं डोळे वटारले असते, आता नुसती ताटातली रोटी कुस्करत बसली, आणि तिथेच कास्तुलोला कळलं की बायकोचं काळीज तुटतंय. लग्नाच्या आदल्या आठवड्यापासून तिला घास गिळवत नव्हता. गुरुवारी सकाळी तिनं घरातली होती नव्हती ती सगळी चिंच फोडायला घेतली. टरफलं काढली, शिरा ओढल्या, चिंचोके तसेच ठेवले, कारण चिंचोका नसेल तर माणसानं चोखायचं काय? "एवढी कुणासाठी?" कास्तुलोनं विचारलं. "विकायला," ती म्हणाली. ढीग पाहून त्यानं मान डोलावली आणि टोपी उचलली.

आता चिंच मळणं हे दोन माणसांचं काम. एकीचे हात परातीत, दुसरी वरून साखर सोडणार. इतकी वर्षं साखर ओब्दुलियानं सोडली होती. एर्लिंदानं मीठ-मिरची घालून दोन्ही हात मनगटापर्यंत गरात घातले, आणि मग बाईच्या लक्षात आलं की साखरेचा डबा फळीवरच राहिलाय. गरानं हात धरले की सोडत नाही. त्यात नाकाला खाज सुटली. मिरचीच्या हातानं नाक खाजवायची सोय नाही. ती खांद्याला नाक घासायला बघत होती, तोच मागच्या दारात ओब्दुलिया उभी. हातात एर्लिंदाची तांब्याची कढई, सोन्यासारखी लखलखत होती.

"तुमची कढई द्यायला आले," ओब्दुलिया म्हणाली. "घासून आणलीय. कशानं ते विचारू नका."

आमच्याकडे उसनं भांडं असं न मागता परत येणं म्हणजे संबंध संपला.

ओब्दुलियानं परातीकडे पाहिलं. "हे कुणासाठी?"

"विकायला."

"कोमाद्रे!"

"नायेलीसाठी. बोलावलं नाहीत तरी दारात ठेवून येणार होते."

ओब्दुलिया पुढे आली, एप्रनच्या टोकानं तिनं एर्लिंदाचं नाक खसाखसा पुसलं. चेहरा मात्र तसाच दगडी.

"चुकलं माझं," एर्लिंदा म्हणाली. उभ्या आयुष्यात हा शब्द पहिल्यांदाच त्या तोंडातून बाहेर पडला.

"मला काय सांगता? बोललात रांगेसमोर, आणि माफी परातीसमोर? आत्ता रांग लागली असेल बघा."

"हे असे हात घेऊन जाऊ?"

"हात धुवाल तोवर तुमचं मन बदलेल. मी काय आज ओळखते तुम्हाला?"

मग काय! भर उन्हात बाई दोन्ही हात वर धरून रस्त्यानं निघाल्या. मागे ओब्दुलिया, तिच्यामागे गल्लीतली दोन कुत्री. दुकानात सगळ्यांनी माना वळवल्या.

"ऐका!" एर्लिंदा ओरडली. "माझ्या कोमाद्रेच्या गोळ्या चांगल्या होत्या!"

"खोटं नको," मागून आवाज आला.

"बरं, चांगल्या नव्हत्या! पण मी बोलले ते त्याहून वाईट होतं. तुमच्यासमोर बोलले, तुमच्यासमोर माफी मागते." इथे ती ओब्दुलियाकडे वळली. "कोमाद्रे, मला माझ्या पोरीच्या लग्नाला यायचंय हो."

मग रांगेतल्या म्हाताऱ्या त्रान्सितोबाईंनी तोंड उघडलं, "आणि माझ्या नातवाच्या केकला काय म्हणाली होतीस गं?"

"आणि आमच्या ह्यांच्या गाण्याला?" दुसरी म्हणाली.

"एका दिवसात एकच!" एर्लिंदा किंचाळली, आणि सगळ्यात आधी हसली ती ओब्दुलिया, पोट धरून.

"पोरीनं चार दिवस घर डोक्यावर घेतलंय," ओब्दुलिया डोळे पुसत म्हणाली. "म्हणते, धर्माची आई नसेल तर लग्नाला उभीच राहणार नाही. आज सकाळी तिनंच मला पाठवलं, तुम्हाला बोलवायला."

एर्लिंदाचे वर धरलेले हात खाली आले. "बोलवायला? आणि हे तिथे घरातच का नाही सांगितलंत?"

"आधी सांगितलं असतं, तर माफी मागितली असतीत?"

एर्लिंदानं आपल्या बरबटलेल्या हातांकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली.

"मग चला, गर वाळतोय. साखर मी सोडते."