मान हलवायची न्हाय

"ए म्हातारे, मालक आल्यात. उठून जोहार घाल."

कारभारी गोठ्याच्या दारातनंच ओरडला. माझी बायको भुईवर उताणी निजलेली. डोळ्यांवर पट्टी, मानेच्या दोन्ही अंगाला वाळूच्या पिशव्या. आदल्या दिवशीच तिच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढलेला.

निपाणीकडच्या आमच्या गावात शहरातला डॉक्टर आलता. मालकाच्या, म्हंजी इनामदाराच्या, तंबाखूच्या वखारीत त्यानं लोकांचे डोळे कापले. गावच्या लोकांची अंथरुणं वखारीत. आमची, म्हारवाड्यातल्यांची, बैलांच्या गोठ्यात.

बायकोला वाटायचं, तंबाखू चाळून चाळून डोळं गेलं. शेजारणी म्हणायच्या, देवीचा कोप. डॉक्टर म्हणाला, "तसं काही नाही. डोळ्यात काचेसारखं एक भिंग असतं. वय झालं की ते दुधाळ होतं. ते काढलं की उजेड आत जातो. पण जखमेला टाका नाही. मान हलवायची नाही. वाकायचं तर मुळीच नाही."

सरळ गोष्ट. कुणाचं पाप न्हाय, कुणाचा कोप न्हाय.

बायको म्हणालेली, "मला जग बघायचं न्हाय. जोंधळ्यातला खडा दिसला तरी लई झालं."

मी कारभाऱ्याला म्हणालो, "आप्पा, डॉक्टरनं हलू नको म्हणून सांगितलंय."

"डॉक्टर जाईल निघून. गावात कुणाला ऱ्हायचंय?"

ते तिनं ऐकलं. मी हात धरेपर्यंत उठलीसुद्धा. जन्मभर मालकाची चाहूल लागली की वाकणारं अंग ते. मालक जिकडं खोकला तिकडं तिनं तोंड केलं आणि कपाळ भुईला लावलं.

"जोहार मायबाप."

"असू दे, असू दे," म्हणत मालक नाकाला उपरणं लावून पुढं गेला.

पट्टी ओली झाली. मालकाच्या वहाणा लांब जाईस्तोवर ती तोंडात पदर कोंबून बसली.

डॉक्टरनं पट्टी सोडली. "बुबूळ बाहेर आलंय. डोळा गेला." मग माझ्यावरच खेकसला, "अडाणी आहात तुम्ही लोक. सांगितलेलं कळत नाही?"

कळत हुतं. डॉक्टरचं कळत हुतं आणि कारभाऱ्याचंबी. दोन्ही एकदम कसं पाळायचं, ते कुणी सांगितलं न्हाय.

मालक परत फिरला तवा मी गोठ्याच्या दारात उभा हुतो. ताठ.

कारभारी म्हणाला, "मानंत काठी घातलीस व्हय रं?"

"मान हलवायची न्हाय," मी म्हणालो.

चावडीपुढं मार खाल्ला. बलुतं बंद झालं. बायकोचा डावा डोळाबी पुढं झाकोळला. तो डॉक्टर पुन्हा आला न्हाय. ती बोटांनी चाचपून जोंधळा निवडायची. खडा ऱ्हायचाच. दाताखाली आला की मी मुकाट गिळायचो.

औंदा ती गेली. आता भाकरी सून करती. खडा येत न्हाय, पण घासबी उतरत न्हाय.

आता माझ्याच डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. बघावं असं काय उरलंय? मालक मेला, त्याचा पोरगा मालक झाला. गोठा तिथंच हाय. औंदा दुसरा डॉक्टर येणार, त्याच वखारीत.

मी जाणार. गोठ्यात निजणार न्हाय. गावच्या लोकांच्या ओळीत अंथरूण टाकणार. उचलून बाहेर फेकलं तर आंधळा मरीन. आणि निजू दिलं, तर कुणाचाबी बाप येऊ दे, मी उठणार न्हाय.