‘दरवर्षी’ची खूण

विश्वेश मुळातच धसक्याचा माणूस. गॅसचा खटका बंद केला की नाही, हे तो तीनदा बघायचा. कुलूप ओढून पाहिलं आणि चार पावलं पुढे गेला, की परत येऊन पुन्हा ओढायचा. म्हैसूरच्या एका विमा ऑफिसात बावीस वर्षं नोकरी झाली, एक फाइल हरवली नाही, तरी रोज सकाळी पायऱ्या चढताना धास्ती ही असायचीच. त्याला भीती दोन गोष्टींची. आपण काहीतरी विसरू याची, आणि आपण विसरलो हे दुसऱ्याला कळेल याची. दुसरी अंमळ मोठी.

अशा माणसाला कॉम्प्युटरने जन्माचा आधार दिला, यात नवल नाही. पडद्यावर पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवून ठेवणारं एक सॉफ्टवेअर त्याच्याकडे होतं. शेवटच्या पंचवीस कॉपी केलेल्या गोष्टी लक्षात ठेवणारं दुसरं होतं. आणि सगळ्यांत लाडकं म्हणजे कॅलेंडर. दुधाच्या कूपनांपासून सासूबाईंच्या वाढदिवसापर्यंत सगळं त्यात. त्याची बायको नमिता म्हणायची, “ह्यांना शिंक यायची झाली तरी आधी घंटा वाजते.”

त्याचे वडील व्यासराव हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले. त्यांना कॉम्प्युटरवरचं एकच सॉफ्टवेअर आवडायचं, नोटपॅड. का, तर ते उघडलं की उघडतं आणि काही विचारत नाही. दरवर्षी युगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या आधी ते मठाचं पंचांग मांडीवर घेऊन बसायचे आणि नात्यातल्या एकेचाळीस घरांची यादी करायचे. कुणाच्या घरच्या श्राद्धाची तिथी यंदा कोणत्या तारखेला येते, त्याची. रकाने स्पेसबार दाबदाबून जुळवलेले. विश्वेशला ते पाहून अंगावर काटा यायचा.

“बाबा, एक स्पेस इकडेतिकडे झाली की सगळी ओळ वाकडी होते. मी तक्ता करून देतो.”

“वाकडी झाली तर सरळ करीन. मला दुसरं काम काय आहे?”

मागच्या वर्षी यादी पुरी केली आणि युगादीच्या तोंडावर ते गेले. दिवसवार झाल्यावर विश्वेशने पहिलं काम कुठलं केलं असेल, तर ती यादी कॅलेंडरात चढवली. एकेचाळीस नोंदी. आठ दिवस आधी घंटा. खाली ‘दरवर्षी’ असा एक चौकोन होता, त्यावरही त्याने खूण केली. एकदा घातलं की जन्माची काळजी मिटली! वर्षभर सगळं घड्याळासारखं चाललं. घंटा वाजली की तो त्या घरी मेसेज टाकायचा. नातेवाईक वाखाणू लागले. यंदा युगादीला कुणी विचारलं, “यादी कधी पाठवतोस?” तर हा छाती फुगवून म्हणाला, “यादी आता लागतच नाही. मशीन सांगतं.”

मशीनने सांगितलं. तेरा एप्रिलला, सोमवारी सकाळी, घंटा वाजली. ‘संकर्षणकाका. एकवीस एप्रिल.’

हे व्यासरावांचे धाकटे भाऊ. जाऊन सोळा वर्षं झाली, मूलबाळ नाही. वेदवतीकाकू सरगूरला एकट्याच राहायच्या. दरवर्षी तिथीच्या आदल्या दिवशी बसने म्हैसूरला यायच्या आणि भावाचं श्राद्ध व्यासराव करायचे. मागच्या वर्षी घरात नुकतं दुःख झालेलं, म्हणून ते मठात उरकलं. यंदा पहिल्यांदाच विश्वेशच्या हातून व्हायचं होतं. ते चुकू नये म्हणून त्याचा जीव आठवडाभर टांगणीला होता. घंटा ऐकून त्याला हायसं वाटलं. त्याने ठेवणीतला मजकूर डकवला, ‘काकांचं श्राद्ध एकवीस तारखेला. आदल्या दिवशी यावे.’ दोन मिनिटांत काकूंचे जोडलेले हात पडद्यावर आले.

तो खुशीत स्वयंपाकघरात गेला. “उपमा केलास का?”

“आज एकादशी अल्वा, नाही का?” नमिता म्हणाली. “तुमच्या मशीनने नाही सांगितलं?”

एकादशी नमिताच्या डोक्यात पक्की असायची, म्हणून त्याने ती कॅलेंडरात घातलीच नव्हती. तो हसला. आणि हसता हसता थांबला. काकांची तिथी चैत्र वद्य अष्टमी. आज वद्य एकादशी. त्याने बोटांवर मोजलं. अष्टमी, नवमी, दशमी... अष्टमी शुक्रवारीच होऊन गेली होती. शुक्रवारी दुपारी तो ऑफिसच्या कँटीनमध्ये दहीवडा खात होता.

तो बाबांच्या खोलीत धावला, त्यांचा जुना कॉम्प्युटर सुरू केला. तो सुरू होईपर्यंतची दोन मिनिटं त्याला जन्मभराची वाटली. नोटपॅडच्या फाइली वर्षवार लावलेल्या होत्या. काकांची ओळ एका वर्षी तेरा एप्रिल, पुढच्या वर्षी दोन मे, त्याच्या पुढच्या वर्षी एकवीस एप्रिल. तिथी तीच, तारीख दरवर्षी निराळी. हे त्याला काय ठाऊक नव्हतं? शेंबड्या पोराला ठाऊक असतं. पण समोर चौकोन दिसला आणि त्याने खूण करून टाकली. मूर्ख, शुद्ध मूर्ख! एकेचाळीस घरांच्या तिथी त्याने इंग्रजी तारखांना बांधून ठेवल्या होत्या.

ओळीच्या शेवटी आणखी एक रकाना होता. यादी चढवताना विश्वेशने तो गाळला होता, कारण कॅलेंडरात त्याला जागाच नव्हती. काकूंच्या नावापुढे बाबांनी लिहिलं होतं, ‘सकाळी सातच्या आत फोन. आधी गुडघा विचारणे, मग तिथी. बोललो.’ आधीच्या वर्षीही तेच, त्याच्याही आधीच्या वर्षी तेच. सगळ्या ओळी ‘बोललो’पाशी संपत होत्या.

त्याने मठातल्या नरसिंहाचार्यांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, “अमावास्येला करता येतं. येत्या शुक्रवारी या. पण काकूंना सांगितलंत का?”

तेच तर सांगायचं होतं. विश्वेशने मेसेज लिहिला, ‘काही तांत्रिक कारणामुळे...’ आणि पुसला. ‘पंचांगातील फरकामुळे...’ तोही पुसला. काकू काय म्हणतील? नात्यात कुणाकुणाला सांगतील? बाबा असते तर?

“फोन करा,” दारातून नमिता म्हणाली.

“त्यांना काय वाटेल गं?”

“वाटायचं ते शुक्रवारीच वाटून झालं असेल. करा.”

दुसऱ्याच घंटेला काकूंनी उचलला. “विशू? यव्वा, किती दिवसांनी आवाज ऐकला रे!”

“काकू, गुडघा कसा आहे?” त्याला दुसरं काही सुचलंच नाही.

“आहे तसाच. इरली बिडू, राहू दे. तू बोल.”

त्याने सगळं सांगितलं. चौकोन, खूण, तारीख, सगळं.

“अष्टमी मला कुणी सांगायला पाहिजे होय रे?” काकू म्हणाल्या. “सोळा वर्षं झाली.”

“मग तुम्ही मला फोन का नाही केलात?”

“आठ दिवस आधी भावोजींचा फोन यायचा. यंदा आला नाही. म्हटलं, ते गेले, आता कोण करणार आपल्या माणसाचं? असलं मागून घेता येत नाही, विशू. गुरुवारी पिशवी भरून बसले. शुक्रवारी न्हाले, सोवळ्यातलं मडीचं लुगडं नेसले. तीन वाजेपर्यंत वाट बघितली. मग कावळ्याला घास ठेवला आणि दोन घास खाल्ले.”

विश्वेश म्हणाला, “मग आजच्या मेसेजला हात का जोडलेत? तारीख तर चुकीची होती.”

“तारीख चुकीची होती रे. पण बोलावणं आलं ना. मी येणारच होते.”

तो तिथेच बाबांच्या खुर्चीत डोळे पुसत बसला. मग म्हणाला, “अमावास्येला करू या. बसने येऊ नका. गुरुवारी मी स्वतः न्यायला येतो.”

“सुट्टी मिळेल का?”

“घेतो.”

फोन ठेवून त्याने आपलं कॅलेंडर उघडलं. काकांची नोंद पुसायला गेला तर कॅलेंडरने विचारलं, फक्त हीच काढायची की यापुढच्या सगळ्या? त्याने ‘सगळ्या’ दाबलं. असं एकेचाळीस वेळा. अजून चाळीस घरं बाकी होती आणि त्यांतली दोन याच महिन्यातली. ऑफिसात उशिरा येतो म्हणून कळवलं, पंचांग मांडीवर घेतलं आणि बाबांच्या कॉम्प्युटरवर नोटपॅड उघडलं. ते उघडलं आणि काही विचारलं नाही.

पहिली ओळ काकूंची. नाव, तिथी, यंदाची तारीख. मध्ये स्पेसबार दाबत गेला तरी रकाना काही जुळेना, ओळ वाकडीच राहिली. शेवटी त्याने लिहिलं, ‘बोललो’, आणि पुढच्या घराचा नंबर लावला.