दही लावायची सरकारी पेटी

साहेबांना गडचिरोलीचं दही आवडलं नाही, आणि त्यातून हे सगळं घडलं.

आमचा भाग नुकताच मुंबई राज्यात गेला होता. त्याआधी पुण्याकडची माणसं आम्हांला क्वचित दिसायची. आता ती साहेब होऊन येऊ लागली. हे साहेब आले ते तोंड वाकडं करूनच. पाणी जड, ऊन फार, भाषा अशुद्ध, दही पातळ. पहिल्या तीन गोष्टींवर इलाज नव्हता. चौथीवर त्यांनी योजना काढली. रानातल्या गावांत जाऊन बायांना घरच्या घरी स्वच्छ, घट्ट दही लावायला शिकवायचं. शिकवणार मी. मी नवीनच ग्रामसेविका झाले होते. माहेर ब्रह्मपुरीचं, अंगावर खादीचं पातळ, आणि सरकार सांगेल ते खरं मानायचं वय.

"आधी साधनं ठरवू," साहेब म्हणाले. "साधन चुकलं की शास्त्र चुकतं."

मग अख्खा पावसाळा साधनं ठरवण्यात गेला. बैठकीला आम्ही तिघं असायचो. साहेब, मी आणि हेडक्लार्क. हेडक्लार्क खास चांद्याचे, पान चघळत ऐकून घेणारे. सगळं ऑफिस त्यांना भाऊ म्हणायचं. साहेब येत-जात राहतील, भाऊ राहणार, हे खुर्च्यांनासुद्धा ठाऊक होतं.

पितळी पातेलं पहिल्याच बैठकीत बाद झालं. कल्हई उडाली की दही कळकतं, आणि रानात कल्हईवाला कोण आणणार? हे साहेबांना माहीत होतं याचं मला नवल वाटलं. जर्मनचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं भांडं स्वस्त, पण आंबटानं काळं पडतं. चिनी मातीची बरणी साहेबांच्या मनात भरली होती. पण बैलगाडीतून ती एका नाल्यापलीकडे जाणार नाही असं भाऊंनी शांतपणे सांगितलं. मग मी धीर केला.

"साहेब, गाडग्यात लावू या ना. माती पाणी ओढून घेते, दही घट्ट होतं. आमच्या घरी तसंच लावतात."

साहेबांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मी शेणात लावायचं म्हणाले. "मडक्याच्या छिद्रांत जंतू असतात, बाई."

"आन् कुंभार पावती देत नाई, साहेब," भाऊ म्हणाले.

जंतूंचं एक वेळ जमलं असतं. पावतीपुढे गाडगं टिकलं नाही.

शेवटी ठरलं ते असं: नागपूरहून झाकणाचे पांढरे इनॅमलचे कटोरे, दुधाची ऊब मोजायला थर्मामीटर, आणि ती ऊब टिकवायला सागवानी पेटी. पेटीचा नकाशा साहेबांनी स्वतः काढला. दुहेरी फळ्या, मध्ये धानाचा कोंडा, आत कटोऱ्यांसाठी कप्पे, वर कुलूप. कुलूप कशाला, असं मी विचारलं. सरकारी वस्तू आहे म्हणून, असं उत्तर मिळालं.

हिवाळ्यासाठी मागवलेला हा सगळा सरंजाम वैशाखात येऊन पोचला. बाहेर रस्त्यावरचं डांबर पातळ झालं होतं आणि आम्ही ऊब राखणारी पेटी उतरवून घेत होतो. सुतारानं काम मात्र सुरेख केलं होतं. साहेब पेटीवरून हात फिरवत राहिले.

पहिल्या गावाला मी बैलगाडीनं गेले. धानोऱ्याच्या पुढे, जंगलात आत, गोंडांचं गाव. पाटलानं मोहाच्या झाडाखाली बाया जमवल्या. मी कटोरे मांडले, पेटी उघडून दाखवली. पेटी सगळ्यांना आवडली. दोघी-तिघींनी आत डोकं घालून पाहिलं. मी थर्मामीटर वर धरला आणि दूध किती कोमट हवं ते समजावलं. पारा दुधात न बुडवताच तिथवर चढला होता, पण ते मी बोलले नाही.

"आता दूध आणा," मी म्हटलं.

कोणी हललं नाही. माझं मराठी समजलं नाही असं वाटून मी पुन्हा सांगितलं. गावात गाई पुष्कळ होत्या. चार तर समोरच रवंथ करत बसल्या होत्या. तेव्हा पुढे बसलेली एक म्हातारी बोलली. ती गडचिरोलीच्या बाजारात चारोळी विकायला यायची, तिला मराठी येत होतं.

"दूध कोनाचं?"

"गाईचं, आजी."

"गाईचं कुठी राह्यते? दूध वासराचं राह्यते. आमी नाई काढत."

तिनं ते अगदी सहज सांगितलं. गोऱ्हा धट्टाकट्टा व्हायचा, नांगर ओढायचा, म्हणून दूध त्याचं. बाकीच्या बाया माझ्याकडे पाहून ओशाळल्यासारख्या हसल्या. पाहुणी इतक्या लांबून रिकामी आली म्हणून त्यांना वाईट वाटत होतं. मला एकाच वेळी रडू आणि हसू आलं. पावसाळाभर आम्ही भांड्याच्या पोटाला छिद्रं असतात का यावर बोललो होतो. त्या भांड्यात काय घालणार हे कोणीच विचारलं नव्हतं. मीही नाही.

परत येऊन साहेबांना सांगितलं.

"मग आधी दूध काढायला शिकवा."

"ते यंदाच्या योजनेत नाई, साहेब," भाऊ म्हणाले. "आन् मोठे साहेब तर येऊन राह्यले पुढच्या आठवड्यात. त्याच गावाले. दही पाह्याले."

साहेबांनी त्यांना पत्रानं आधीच कळवलं होतं की काम उत्तम चाललं आहे.

गडचिरोलीच्या गवळ्याकडून गाईचं दूध घेऊन गाडीनं न्यावं असं साहेबांनी ठरवलं. तालीम म्हणून एकदा पाठवलं. अर्ध्या वाटेत ते फाटलं. गाडीवानानं ते बैलांना पाजायचा प्रयत्न केला, तर बैलांनीही तोंड फिरवलं. तेव्हा भाऊ माझ्या टेबलाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुमी घरी दही कशात लावता?"

"गाडग्यात."

"लावा मंग. बोलू नका कोनाले."

मी लावलं. त्याच गवळ्याचं दूध, माझी खोली, कुंभारवाड्यातलं गाडगं, वर ओलं फडकं. सकाळी सुरीनं कापावं असं दही लागलं होतं. ते भाऊंनी स्वतः पळीपळीनं इनॅमलच्या कटोऱ्यांत काढलं. काढताना दही मोडलं, पाणी सुटलं, तेव्हा ते पळीच्या पाठीनं वरून लिंपत बसले. ऑफिसात त्यांना इतकं मन लावून काम करताना मी कधी पाहिलं नव्हतं.

साहेबांना मात्र कटोऱ्यांतच लागलं म्हणून सांगितलं, आणि कटोरे पेटीत घालून गावी नेले. मोठे साहेब जीपमधून आले. नागपूरचे, वयस्कर, उन्हानं लाल झालेले. मोहाखाली खुर्च्या मांडल्या होत्या. आमच्या साहेबांनी खिशातून किल्ली काढली, कुलूप उघडलं, एकेक झाकण उचललं.

"वा!" मोठे साहेब म्हणाले. एक चमचा खाल्ला. "जरा आंबट आहे."

"इकडचं गवत तसं आहे, सर."

"आणि लागलंय किती छान! कशात लावलंत?"

मग साहेबांनी इनॅमलचे गुण सांगितले, मातीचे दोष सांगितले, पेटीतला कोंडा सांगितला. भाऊ झाडाच्या शेंड्याकडे पाहत होते. मोठ्या साहेबांना वाटलं, गावकऱ्यांनीही खावं. पळसाच्या पानांचे द्रोण फिरले. काही बाप्यांनी खाल्लं, एकानं मीठ मागितलं. त्या म्हातारीनं द्रोण नाकाशी नेला, मग मांडीवर ठेवला आणि मोठ्या साहेबांकडे पाहून विचारलं,

"याचं वासरू कुठी हाय?"

"काय म्हणते ती?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"लय बेस झालं म्हंते, साहेब," भाऊ म्हणाले.

मोठे साहेब खूश झाले. त्यांनी म्हातारीला नमस्कार केला. जीप निघाली, तिच्यामागे आमचे साहेबही गेले. म्हातारी अजून माझ्याकडे पाहत होती.

"गडचिरोलीले आहे, आजी," मी म्हटलं.

"जगते ना?"

ते मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी परत आल्यावर मी गवळ्याकडे गेले आणि विचारलं. त्यानं गोठ्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे पेंढा भरलेलं वासराचं कातडं उभं केलं होतं, चार काठ्यांवर. "मेलं ना, बाई, मांगच्याच महिन्यात. हे समोर ठेवलं का चाटते बिचारी, मंग पान्हा सोडते." गाय तेव्हाही ते चाटत होती. डोळ्यांच्या जागी कोणीतरी कवड्या शिवल्या होत्या.

मी घरी आले. गाडग्यात थोडं दही उरलं होतं. त्या रात्री मला दही घशाखाली उतरलं नाही, असं लिहिलं तर शोभून दिसेल. पण मी ते भाताबरोबर खाल्लं. चांगलं झालं होतं.

साहेबांची लवकरच बढतीवर बदली झाली. जाताना त्यांना चिनी मातीची एक मोठी बरणी भेट दिली गेली. कटोरे एकेक करून ऑफिसातल्यांच्या घरी गेले. पेटी गावातच राहिली. तिच्यात कोंबड्या अंडी उबवायला बसतात, आणि एकही पिल्लू दगावत नाही, असं पाटलानं मला अभिमानानं सांगितलं. थर्मामीटर कुठे गेला कोणास ठाऊक.

पुढच्या खेपेला मी शिवण शिकवायला त्याच गावी गेले. म्हातारी येऊन समोर बसली. तिनं आधी वासराचंच विचारलं, आणि मी खरं ते सांगितलं, कातड्यासकट.

"मंग ते दूध कोनाले देऊन राह्यले?"

"साहेबाले," मी म्हटलं.

तिनं मागे वळून बाकीच्या बायांना गोंडीत सांगितलं. त्या अशा हसायला लागल्या की एकीच्या मांडीवरचं झोपलेलं पोर जागं झालं. मीही हसले. म्हातारी मात्र हसली नाही. तिनं पदराची गाठ सोडून मूठभर चारोळी माझ्या हातावर ठेवली, सुई उचलली, आणि दोरा ओवायला ती माझ्यापुढे धरली.