सेफ्टी लावलेली होती

रामनाथअण्णांच्या मुलीचा, ज्योतीचा फोन आला तेव्हा मी पंचवटीत एका पतसंस्थेच्या दारात ड्युटीवर होतो. "काका, बाबा गेले," एवढंच म्हणाली. खांद्यावर बंदूक होती... ती कुठं टेकवावी हेच क्षणभर कळेना. रामनाथअण्णांना जाऊन आता महिना होत आला. त्यांच्याबद्दल चांगलं लिहिणारे पुष्कळ भेटतील. मला जे लिहायचं आहे ते माझ्याशिवाय कुणाला लिहिता येणार नाही.

अण्णा चांदवडकडचे, फौजेतून निवृत्त झालेले. नाशिकच्या एका बँकेत आम्ही दोघं पहारेकरी, एकाच दुनळी बंदुकीवर पाळीपाळीनं. पाळी बदलताना मी बंदूक दिली की ते आधी नळी उघडून काडतुसं बाहेर काढत, मग माझ्याकडं बघत. तुझ्यावर इश्वास नाय म्हणून नाय, माझं काम हाय म्हणून, असं म्हणत. कॅशियर चिडवायचा, अण्णा, चहाचा कपसुद्धा तपासून घेत जा. अण्णा चहा संपवून कप पालथा करून दाखवायचे, बघ, रिकामा.

खंडेनवमीला बँकेत शस्त्रपूजा असे. त्या वर्षी सकाळची पाळी माझी होती आणि साहेब मुहूर्ताची घाई करत होते. मी सेफ्टी, म्हणजे चाप अडवून धरणारी कळ, लावली, बंदूक स्टुलावर लाल कापडावर ठेवली... आणि काडतुसं काढायची राहिली. अण्णा आंघोळ करून, टोपी घालून आले. रिकामी हाय ना, म्हणाले. मी हो म्हटलं. तोवर हळदकुंकू वाहून झालं होतं, झेंडूचा हार चढला होता. पुजलेलं शस्त्र उचलून उघडायचं कसं? एरवी माझ्या शब्दावर कधी न थांबलेला माणूस त्या दिवशी हात जोडून थांबला. नारळ फोडायच्या गडबडीत स्टुलाला कुणाचा तरी धक्का लागला, बंदूक घसरली, दस्ता फरशीवर आपटला आणि बार उडाला. अण्णांचा डावा गुडघा गेला.

भरलेली बंदूक पूजेत आली कशी, यावर मी गप्प राहिलो. अण्णांनीही माझं नाव घेतलं नाही. त्यांचा प्रश्न वेगळाच होता. सेफ्टी लावलेली बंदूक नुसती पडून उडतेच कशी? बंदुकीच्या कारखान्यानं कळवलं, हाताळणीतली चूक. अण्णा ग्राहक मंचात गेले. तिथं कारखान्याच्या वकिलानं मला विचारलं, सेफ्टी लावलेली होती का? हो म्हटलं असतं तर बंदूक शेवटी माझ्याच हातात होती, हेही आलं असतं, आणि मागोमाग काडतुसंही. नोकरी जाईल, गुन्हा दाखल होईल... मी म्हणालो, आठवत नाही. सेफ्टी लावताना बघितलेला दुसरा साक्षीदार नव्हता. तक्रार फेटाळली गेली. बाहेर कुबडी सावरत अण्णा म्हणाले,

"काडतुसाचं नसतं सांगितलं तरी चाललं असतं, सुदाम. सेफ्टीचं तेवढं सांगायचंस. तसल्या बंदुका अजून किती जणांच्या खांद्यावर हायेत."

पुन्हा त्यांनी हा विषय काढला नाही. दिवाळीला फराळाचा डबा मात्र न चुकता पाठवत राहिले. तो डबा उघडणं मला जड जायचं.

दहाव्यानंतर मी सिडकोतल्या त्यांच्या घरी गेलो आणि वहिनींसमोर, ज्योतीसमोर सगळं सांगून टाकलं. वहिनी पाणी आणायला उठल्या. ज्योती कागद-पेन माझ्यापुढं ठेवून म्हणाली, "माफी नका मागू काका. लिहून द्या."

तिथंच बसून लिहून दिलं. काडतुसं माझ्यामुळं राहिली आणि रिकामी आहे असं मीच सांगितलं. सेफ्टी मी माझ्या हातानं लावली होती, तरी बार उडाला. माझी चूक मी कबूल केली म्हणून कारखान्याची माफ होत नाही, आणि त्यांची होती म्हणून माझी धुतली जात नाही. हे आता मी कुठंही, कुणापुढंही सांगेन. ज्योतीनं सही नीट बघितली, एका पाकिटावर कारखान्याचा पत्ता घातला आणि कागद आत टाकला.

त्या लहानशा खोलीत अण्णांची खुर्ची होती. डावा पाय सरळ पसरून बसायचे, म्हणून तिच्यापुढं हातभर जागा मोकळी. वहिनी पाणी घेऊन आल्या त्या जागेला वळसा घालून. ज्योती पाकीट ठेवायला गेली तीही भिंतीकडून. निघताना दाराकडं सरळ जाता आलं असतं... मीही वळसा घातला.