सोळा आण्यांचा रुपया

सांगलीत एक निवृत्त इंजिनिअर राहायचे. जुन्या नाण्यांतले मोठे जाणकार, असं त्यांचं स्वतःचं मत होतं आणि त्यांच्या दिवाणखान्यात जमणाऱ्या आम्हा आठ-दहा जणांचंही. पंचाहत्तरच्या आसपासची गोष्ट. मी साताऱ्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचो आणि महिन्यातल्या एका रविवारी पहिली एसटी पकडून त्या बैठकीला जायचो.

नाणं किती झिजलंय हे इंजिनिअरसाहेब आण्यांत सांगत. टांकसाळीतून आत्ताच पडल्यासारखं असेल तर सोळा आणे, चेहरा जेमतेम ओळखू येत असेल तर चार. पद्धत वाईट नव्हती. फक्त नाण्याआधी साहेब ते आणणाऱ्याच्या पायांकडे बघत. बूट घालून आलेल्या वकिलाची गुळगुळीत शिवराई बारा आण्यांची ठरे. वहाणा दाराबाहेर काढून येणाऱ्याचं काहीही सहाच्या वर जात नसे.

एकदा इस्लामपूरकडचे एक निवृत्त हवालदार आले. रुमालात बांधलेला राणीछाप रुपया त्यांनी टेबलावर ठेवला. साहेबांनी भिंग डोळ्याला लावलं न लावलं आणि निकाल दिला, "चार आणे. राणीचे केस बघा, सपाट. भरपूर वापरलेलं नाणं आहे."

"आवं सायेब, वापरलं कवा? आज्यानं गाडग्यात घालून ठिवलं, त्ये मी काडलं. बाजार दावलाच न्हाई त्येला."

"माणूस काहीही सांगेल हवालदार, नाणं खोटं बोलत नाही."

सगळे हसले. मीही हसलो असेन.

रुपया फिरत फिरत माझ्या हातात आला. केस सपाट होते, खरं आहे. पण हाताळून झिजलेला उंचवटा काळपट, निर्जीव दिसतो. इथे मोकळ्या जागेवर जी मंद झाक होती तीच केसांवरही तशीच होती. कडेच्या रेघा बोटाला टोचत होत्या. नाणं झिजलंच नव्हतं. टांकसाळीत त्या जागी ठसाच कमी बसला होता. मी तसं म्हणालो.

"तुम्ही चित्रकलेचे ना?" साहेब म्हणाले. "मग राणीचं चित्र काढा. झीज आम्ही बघतो."

आणि त्यांनी कपाटातून स्वतःचा रुपया काढला. "याला म्हणतात सोळा आणे!"

तो स्टीलच्या नव्या वाटीसारखा चमकत होता. भिंगाखाली एकाच दिशेने गेलेले बारीक ओरखडे दिसले, अक्षरांच्या खाचांत पांढरी भुकटी.

"हा घासलाय का?"

"अर्थात! दंतमंजन लावून. दर दिवाळीला, मी स्वतः."

हे आमचे जाणकार! टांकसाळीची झाक दरवर्षी आपल्या हातांनी खरवडून काढायची आणि उरलेल्या पत्र्याला सोळा आणे द्यायचे. वकीलसाहेब कौतुकाने मान डोलावत होते. मी गप्प बसलो. इंजिनिअरसाहेब पुढच्या वेळी स्वतःकडचा सोन्याचा होन हातात देणार होते आणि मला तो बघायचा होता. माझं धैर्य तेवढंच.

हवालदार निघाले तेव्हा साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "दंतमंजनाने घासून आणा. मग वाढवू थोडे आणे."

जिन्यात गाठून त्यांना सांगायला हवं होतं, की याला हात लावू नका. मी खुर्चीतून उठलो नाही.

पुढच्या बैठकीला हवालदार माझ्याआधी हजर होते. रुपया झगझगीत झाला होता. झाक गेली होती, कडेच्या रेघा बोथटल्या होत्या, आणि राणीचा गाल आता खरोखरच झिजला होता. साहेबांनी उदार मनाने बारा आणे जाहीर केले.

हवालदार माझ्याकडे वळले. "मास्तर, त्या दिशी तुमीच माजी बाजू घेतली. आता सांगा, लय भारी दिसतोय न्हवं?"

"छान दिसतोय," मी म्हणालो.

हवालदार पुन्हा आले नाहीत. त्यांचं समाधान झालं होतं. त्यानंतर मी त्या घराची पायरी चढलो नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. पण आणखी दोन वर्षं मी जात राहिलो. होनही बघितला. तोही घासलेला होता.