मॅटवरची घडी

कॉलेजच्या टीममध्ये मी फार बोलत नसे. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, घर जळगावच्या एका सोसायटीत. बाकीच्या मुली पारोळा, शिंदखेड्याकडच्या, आपसात अहिराणी बोलणाऱ्या. बॉल मात्र मी हवा तिथे टाकू शकत होते, म्हणून त्या मला सांभाळून घेत.

नरडाण्याजवळच्या मैदानावर त्या दुपारी धुळ्याच्या टीममधली एक मुलगी आउटच होत नव्हती. ती मोठे फटके मारत नव्हती. बॉल आला की बॅट खाली, बॉल पायाशी मेलेला.

"खुट्टा शे खुट्टा," आमची कॅप्टन म्हणाली. "हालतच नही."

"मंग बैल बांधी दे," स्लिपमधून आवाज आला.

आधी आम्ही तिला कोंडून पाहिलं. चार जणी जवळ उभ्या केल्या, चोरटी धाव मिळू दिली नाही. ऑफस्टंपच्या बाहेर टाकत राहिलो, ती सोडून देत राहिली. मग लाँग ऑन मोकळा ठेवला. त्या मोकळ्या जागेकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

मग तिच्यासमोर पिचवर अंथरलेल्या मॅटचा एक खिळा निघाला आणि घडी पडली. अंपायर सरांनी दगडाने खिळा ठोकला, पण तो पुन्हा वर आला. त्या घडीवर पडलेला माझा एक बॉल तिच्या कानाजवळून गेला. कोणी हसलं नाही. त्यांच्या टीमचं हेल्मेट मोठं होतं, सारखं डोळ्यांवर यायचं, म्हणून तिने ते केव्हाच काढून ठेवलं होतं.

आमची कॅप्टन घडीकडे बघत राहिली. मग माझ्याकडे.

काय होणार, ते मला कळलं. बॅटिंग करणाऱ्या त्या मुलीलाही कळलं असावं. तिने पदर खोचावा तसा टी-शर्ट ट्राउझरमध्ये घट्ट खोचला आणि पुन्हा उभी राहिली. पुढचा बॉल मी घडीच्या थोडा अलीकडे टाकला. घडीच्या कडेवरून उसळून तो तिच्या खांद्याला लागला. ती खांदा चोळत नव्हती, एवढंच मला दिसत होतं.

मी मागे वळले. वारा सुटला होता, बाजूच्या रुळांवरून मालगाडी जात होती. मिडऑफवरून कॅप्टन ओरडली, "आते बठ्ठा तठेच!"

मला ऐकू आलं, "बैठा." बैठा बॉल म्हणजे न उसळता जमिनीलगत जाणारा. मला हायसं वाटलं. मी सरळ तिच्या पायाशी टाकला. ती उसळीची वाट बघत मागे सरकली होती, छाती आणि चेहरा वाचवायला बॅट वर घेतलेली. मधला स्टंप उडाला.

सगळ्या माझ्यावर येऊन पडल्या. "काय डोकं चालवलं," कॅप्टन म्हणाली. बठ्ठा म्हणजे सगळे, सगळे बॉल त्या घडीवरच, हे मला नंतर पाणी पिताना दुसरीने समजावलं. 

आउट होऊन जाताना ती मुलगी माझ्याजवळ थांबली. "घाबरनी का तू?" तिने अगदी शांतपणे विचारलं. 

आमची बॅटिंग सुरू व्हायच्या आधी आमची कॅप्टन अंपायरकडे गेली. "सर, ती घडी तेवढी नीट करा ना."

"इतका वेळ चालली ना तुम्हाला?" सर म्हणाले. दगडाने दोनदा ठोकून त्यांनी दगड फेकून दिला.

आमच्या विकेटी लवकर पडल्या. मी गेले तेव्हा बॉल त्याच मुलीच्या हातात होता. बॅटिंगइतक्याच शांतपणे ती बॉलिंग करत होती. रन-अपकडे जाण्याआधी ती माझ्यासमोरपर्यंत चालत आली, बुटाच्या टोकाने घडी चाचपली आणि तशीच ठेवली. मी हेल्मेटचा पट्टा ओढून पाहिला. तो सैल होता.

रुळांवर या वेळी गाडी नव्हती. वाराही पडला होता. त्यांची कॅप्टन मिडऑफवरून ओरडली, तो शब्द मला अगदी स्पष्ट ऐकू आला.

"बठ्ठा."