पुसण्याआधीची ओळ

आमच्या धायरीच्या बिल्डिंगीत माझ्या वरच्या मजल्यावर कॉम्प्युटर कंपनीत काम करणारा एक पोरगा राहतो. रोज सकाळी लॅपटॉप घेऊन जिन्यात माझ्यापाशी बसायचा आणि स्वतः लिहिलेलं वाचून दाखवायचा. दर वाक्यानंतर थांबून चष्मा पुसायची त्याला सवय. "काका, कळलं?" मी चौथी नापास, पण मार्केट यार्डात पस्तीस वर्षं पोती वाहिली. न कळायला काय झालं?

नोकरीसाठी अर्ज केलेल्यांच्या नोंदी कशा पुसायच्या, याच्या सूचना तो लिहीत होता. त्या वाचणारा माणूस नव्हता, एआय का काय म्हणतात ते होतं. तेच वाचणार, तेच पुसणार. पुसलेली नोंद परत येत नाही.

"आणि भलत्याचीच पुसली, तर त्याला सांगणार कोण?" मी विचारलं. "माझं नाव हजेरीतून काढलं तेव्हा मुकादमानं तोंडावर सांगितलं. मला भांडता तरी आलं."

दुसऱ्या दिवशी त्यानं नवी ओळ वाचली. "पुसण्याआधी ज्याची नोंद त्या माणसाला विचारा." "ही तुमची ओळ, काका." त्या दिवशी मी ताठ चाललो.

आठवड्यानं आला तो उभाच राहिला. "साहेब म्हणाले, ती ओळ काढ. विचारतच बसायचं तर मशीन कशाला?"

"मग?"

"काढली, काका."

हल्ली तो माझ्या दारावरून जाताना चपला हातात घेतो, मला कळू नये म्हणून. मला कळतं. मीही दार उघडत नाही.